आधी नंबर, मग मेडल: आजोबांच्या युद्धसेवेची पदकं कशी पडताळायची आणि कशी मागायची

मेडल मागण्याचा अर्ज लिहायला बसण्याआधी आजोबांचा फौजेतला नंबर शोधा. नाव, गाव, फोटो, घरात सांगितल्या जाणाऱ्या लढाईच्या गोष्टी, हे सगळं त्यानंतर. मी सेनेच्या एका रेकॉर्ड ऑफिसात क्लार्क होतो आणि पेन्शनीत आल्यापासून आमच्या तालुक्यातल्या फौजींच्या घरचे कागद लावून देतो. टेबलाच्या दोन्ही बाजूंनी मी एकच अर्ज पाहत आलो आहे: ‘माझे आजोबा मराठा पलटणीत होते, मोठ्या लढाईत होते, तरी त्यांची मेडलं मिळावीत.’ वाचणाऱ्याला या माणसाबद्दल आदर वाटतो, पण त्याला काही करता येत नाही. तुकाराम, पांडुरंग, दत्तू या नावांचे शेकडो जवान एकेका रेजिमेंटच्या रजिस्टरात आहेत. रजिस्टर नंबरावर चालतं.

नंबर सापडण्याची पहिली जागा म्हणजे डिस्चार्ज बुक. त्यात नंबर, हुद्दा, भरतीची आणि डिस्चार्जची तारीख, वडिलांचं नाव, गाव, अंगावरच्या खुणा आणि बऱ्याचदा मेडलांची नोंदही असते. पेन्शन होती तर पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या हुकमावर, नंबर असतोच. आजी हयात असतील तर त्यांच्या फॅमिली पेन्शनचे कागद आणि ओळखपत्र बघा. यातलं काहीच नसेल तर माळ्यावरची काळी पत्र्याची ट्रंक खाली काढा. झाकणावर किंवा पुढच्या बाजूला पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव लिहिलेलं असतं. धूळ ओल्या फडक्याने हलकेच पुसा, खरडू नका. जुनी पत्रं आणि मनीऑर्डरच्या पावत्या बघा. फौजी घरी पत्र लिहिताना पाठवणाऱ्याच्या जागी नंबर आधी लिहितो आणि नाव मागाहून.

नंबराच्या दोन खोड्या माहीत असू द्यात. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीपर्यंतचे जुने नंबर रेजिमेंटपुरते असत, म्हणजे तोच आकडा दुसऱ्या रेजिमेंटमध्ये दुसऱ्या माणसाचा असू शकतो. म्हणून नंबर आणि रेजिमेंट ही जोडी सोबतच लिहा. दुसरी खोड अशी की स्वातंत्र्यानंतर जवानाची बढती होऊन तो जमादार किंवा नायब सुभेदार झाला की त्याला ‘जेसी’ने सुरू होणारा नवा नंबर मिळे. त्यामुळे एकाच माणसाच्या दोन मेडलांवर दोन वेगळे नंबर दिसतात आणि घरचे घाबरतात की हे दुसऱ्याचं आलं की काय. तसं नाही. अर्जात दोन्ही नंबर लिहा. जमादार हा हुद्दा १९६५ पासून नायब सुभेदार झाला, हेही लक्षात ठेवा. जुन्या कागदावर जमादार आणि नव्यावर नायब सुभेदार असेल तर माणूस तोच.

घरात काहीच उरलेलं नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. ही पायरी लोक चुकवतात. दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या, पेन्शन नसलेल्या माजी सैनिकांना आणि त्यांच्या पत्नींना राज्य सरकार दरमहा मदत देत आलं आहे. ती मदत तुमच्या घरी कधी येत असेल, तर त्या कार्यालयात फाइल असणार, आणि फाइलीत नंबर असणार. कार्यालयातून रेकॉर्ड ऑफिसला पत्रही जातं, आणि सरकारी पत्राला उत्तर येण्याची शक्यता साध्या अर्जापेक्षा जास्त असते.

आजोबा युद्धात कामी आले असतील तर आणखी एक चांगला रस्ता आहे. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर दोन्ही महायुद्धांत मेलेल्या जवानांची नावं शोधता येतात. नोंदीत नंबर, पलटण, मृत्यूची तारीख आणि पुष्कळदा वडिलांचं नाव व गावही असतं. बर्मात मेलेल्या, ज्यांची कबर किंवा दहनाची जागा माहीत नाही, अशांची नावं यांगूनजवळच्या रंगून स्मारकावर आहेत. इटलीतल्या अशाच अनेकांची कॅसिनो स्मारकावर आहेत. व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळालेले नाईक यशवंत घाडगे यांचं नावही तिथेच आहे. पहिल्या महायुद्धातल्यांसाठी बसरा, फ्रान्समधलं नव्ह-शापेल आणि आपलं खडकी, ही नावं शोधयादीत ठेवा.

इथे स्पेलिंगचा प्रश्न येतो. भरतीच्या वेळी लिहिणारा मराठी असेलच असं नाही, आणि नाव इंग्रजीत कानाला ऐकू आलं तसं उतरलं. घाडगेचं घाटगे, शिंदेचं सिंदे, यशवंतचं येशवंत. आडनाव गाळून नुसतं नाव आणि वडिलांचं नाव लिहिलेलंही सापडतं. शोधताना सगळे प्रकार लावून बघा आणि अर्जात ‘कागदांत नाव असंही असू शकेल’ म्हणून दोन-तीन रूपं द्या.

जिल्ह्याचंही तसंच. आजचा सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरीत होता. रायगडचं नाव तोवर कुलाबा होतं. सांगलीला १९६० पर्यंत दक्षिण सातारा म्हणत. कोल्हापूर संस्थान १९४९ मध्ये विलीन झालं, त्याआधीच्या कागदात ते संस्थान म्हणूनच येईल. मालवणच्या माणसाने ‘जिल्हा सिंधुदुर्ग’ असं लिहून १९४२ ची भरती शोधायला सांगितली, तर शोधणारा कुठे शोधणार? अर्जात गाव, जुना तालुका, जुना जिल्हा आणि कंसात आजचा जिल्हा लिहा.

कुठलं रेकॉर्ड ऑफिस

जवान, हवालदार, जेसीओ (नायब सुभेदार, सुभेदार वगैरे) यांचे कागद दिल्लीत नसतात, त्यांच्या रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसात असतात. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला. महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला. बॉम्बे सॅपर्सचं, म्हणजे लष्करी इंजिनिअरांचं, खडकीला. तोफखान्याचं नाशिक रोडला. रणगाड्यांच्या दलाचं नगरला. सिग्नल्सचं जबलपूरला, ईएमईचं (यंत्रं-वाहनं दुरुस्त करणारी कोअर) सिकंदराबादला, मेडिकल कोअरचं लखनौला. नौसैनिकांचे कागद मुंबईत मानखुर्दजवळच्या ब्यूरो ऑफ सेलर्सकडे आणि हवाई दलाच्या जवानांचे दिल्लीत सुब्रतो पार्कला. अधिकाऱ्यांची व्यवस्था वेगळी, त्यांचे कागद सेना मुख्यालयाकडे.

‘मराठा होते म्हणजे मराठा पलटणीत होते’ असं धरून चालू नका. आपल्याकडचे असंख्य लोक सॅपर्समध्ये, तोफखान्यात, सप्लायमध्ये आणि मेडिकलमध्ये होते. आणि फाळणीत काही रेजिमेंट्स पाकिस्तानकडे गेल्या. बलुच आणि बहुतेक पंजाब रेजिमेंट्स त्यातल्या. युद्धात आजोबा अशा एखाद्या युनिटला जोडलेले असले तर त्यांचे मूळ कागद कुठल्या कोअरचे, ते आधी ठरवा.

कोणती मेडलं बसतात

मेडल कुठल्या युद्धाचं, हे माणूस कुठल्या तारखेला कुठे होता यावर ठरतं. शौर्य ही वेगळी गोष्ट. गोळी न झाडलेल्या स्वयंपाक्यालाही मोहिमेचं मेडल असतं, आणि ते त्याने तितक्याच हक्काने कमावलेलं असतं.

दुसऱ्या महायुद्धासाठी पलटण कळली की नकाशा आपोआप उलगडतो. तिसरी-पाचवी, म्हणजे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण, १९४१ मध्ये एरिट्रियात केरेनला लढली आणि पुढे इटलीत गेली. घाडगे याच पलटणीचे, १० जुलै १९४४ ला वरच्या टायबर खोऱ्यात पडले. पहिली-पाचवी इटलीत होती. शिपाई नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ च्या सेनिओ नदीवरच्या लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दुसरी-पाचवी जून १९४२ मध्ये टोब्रुकला वेढ्यात सापडली. चौथी-पाचवी मार्च १९४४ मध्ये उखरूलजवळ सांगशाकला जपान्यांपुढे उभी होती.

आता मेडलं. मोहिमेच्या भागात ठरावीक काळ, सर्वसाधारणपणे सहा महिने काढणाऱ्याला १९३९-४५ स्टार, म्हणजे ताऱ्याच्या आकाराचं मेडल. आफ्रिका स्टारसाठी काळ १० जून १९४० ते १२ मे १९४३ चा. केरेन उत्तर आफ्रिकेत नाही, पूर्वेकडे एरिट्रियात असलं तरी तिथली सेवा आफ्रिका स्टारमध्येच धरली जाते, हे पुष्कळांना माहीत नसतं. इटली स्टार ११ जून १९४३ ते ८ मे १९४५. बर्मा स्टार ११ डिसेंबर १९४१ ते २ सप्टेंबर १९४५. वॉर मेडल २८ दिवस पूर्णवेळ सेवा केलेल्या जवळपास प्रत्येकाला. भारतातच तीन वर्षं सेवा केलेल्यांना इंडिया सर्व्हिस मेडल. बर्मा आणि पॅसिफिक हे दोन्ही स्टार एका माणसाला मिळत नसत. इराक-इराणमध्ये वर्षं काढलेल्यांसाठी वेगळा स्टार काढलेलाच नाही. तेव्हा आजोबा बसरा, मोसूल, तेहरान अशी नावं सांगत असतील तर नसलेल्या स्टारसाठी भांडू नका, बाकीची कुठली बसतात ते विचारा.

स्वातंत्र्यानंतरची गोष्ट जास्त सोपी. १९४७-४८ च्या काश्मीरसाठी जनरल सर्व्हिस मेडल १९४७, त्यावर ‘जम्मू-काश्मीर’ची पट्टी. १९६५ साठी दोन: प्रत्यक्ष मोहिमेच्या भागात असलेल्यांना समर सेवा स्टार, आणि त्या वेळी सेवेत असलेल्या बहुतेकांना मिळालेलं रक्षा मेडल. १९७१ लाही तसंच. पूर्वेकडे असलेल्यांना पूर्वी स्टार, पश्चिमेकडे असलेल्यांना पश्चिमी स्टार, आणि सर्वसाधारण संग्राम मेडल. जमालपूरला लढलेल्या पहिल्या मराठाच्या जवानाच्या छातीवर पूर्वी स्टार असणार. त्या वर्षी बेळगावला ट्रेनिंग सेंटरवर असलेल्याला संग्राम मेडल. घरात स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाल्याचं मेडल असेल तर ते १५ ऑगस्ट १९७२ ला सेवेत असणाऱ्या सगळ्यांचं, युद्धाचं नव्हे.

घरात असलेली मेडलं आधी तपासा

कड बघा. भिंग आणि तिरपा उजेड घ्या. भारतीय मेडलांच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि युनिट कोरलेलं असतं. पहिल्या महायुद्धाच्या गोल मेडलांवरही कडेला नाव आहे. दुसऱ्या महायुद्धाचे स्टार आणि मेडलं भारतीयांना दिली तेव्हा पुष्कळांवर नाव ठोकलं गेलं, सगळ्यांवर नाही. त्यामुळे नाव नाही म्हणून खोटं ठरवायचं कारण नाही. नाव दुसऱ्याचं निघालं तर आधी भावकीत विचारा. एका घरातले दोन-तीन भाऊ फौजेत असत आणि मेडलं एकाच डब्यात ठेवली जात. कँटोन्मेंटच्या बाजारात तयार मेडलं विकत मिळतात. कित्येक फौजी खरी मेडलं जपून ठेवत आणि परेडला बाजारातली लावत. तशी सापडली तर ती टाकू नका, पण फोटोमागे ‘बाजारातली’ असं लिहून ठेवा.

पितांबरी, ब्रासो, चिंच, राख, काहीही लावू नका. हे मी कळवळून सांगतो. मी अशी मेडलं हातात घेतली आहेत जी दरवर्षी दसऱ्याला घासून आरशासारखी लखलखत होती आणि कडेवरचं नाव पार गेलेलं होतं. काळवंडलेलं मेडल अस्सल पुरावा असतं. कोरडं सुती फडकं पुरे. फीत धुऊ नका. तिचे रंग मेडल ओळखायला मदत करतात: १९३९-४५ स्टारची गडद निळी, लाल आणि फिकट निळी, म्हणजे नौदल, लष्कर, हवाई दल. इटली स्टारच्या फितीत लाल, पांढरा आणि हिरवा.

अर्जात काय मागायचं

‘मेडल द्या’ ही मागणी शेवटी. आधी माहिती मागा. इंग्रजीत किंवा हिंदीत लिहा, कारण बेळगाव सोडलं तर पुढे वाचणारा मराठी नसेल. चार गोष्टी विचारा: या नंबराच्या माणसाच्या सेवेच्या तारखा आणि युनिट्स काय, त्यांना कोणकोणती पदकं बसतात, त्यातली कोणती दिली गेली, कधी आणि कुणाच्या हाती, आणि न दिलेली असतील तर वारसाला देण्याची रीत काय. तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. ‘दिली’ अशी नोंद निघाली तर पुढचा रस्ता हरवलेल्या मेडलाचा, ‘दिलेली नाहीत’ निघाली तर न मिळालेल्या मेडलाचा. दोन्हीचे कागद वेगळे.

सोबत जोडा: डिस्चार्ज बुकच्या किंवा पीपीओच्या प्रती, मृत्यूचा दाखला, तुमचं नातं दाखवणारे कागद, तुमचं ओळखपत्र. पदक घ्यायला बहुधा वारसाचा दाखला आणि बाकीच्या वारसांचं ना हरकत प्रतिज्ञापत्र लागतं. ते सुरुवातीलाच करून ठेवा. मूळ कागद कुणालाही पाठवू नका, साक्षांकित प्रतीच पाठवा. अर्ज स्पीड पोस्टाने धाडा आणि पावती त्या फाइलीला टाचा.

हरवलेल्या मेडलासाठी ते कसं गेलं याचं कारण, पोलिसांतली नोंद आणि प्रतिज्ञापत्र मागतात आणि खर्च भरावा लागतो. महापुरात घर गेलं असेल तर पंचनाम्याची प्रत जोडा. दुसऱ्या महायुद्धाच्या बाबतीत मी सगळ्यांना सांगतो की आधी लेखी दुजोरा मिळवा. ‘अमुक नंबराच्या शिपायाला अमुक पदकं बसतात’ असं रेजिमेंटच्या शिक्क्याचं पत्र आलं की अर्ध्याहून जास्त काम झालं. धातूचं मेडल पुढेमागे बघू.

उत्तरच आलं नाही तर माहितीचा अधिकार आहे. दहा रुपये फी, केंद्र सरकारच्या संकेतस्थळावरूनही अर्ज करता येतो. उत्तराची मुदत ३० दिवस. न आल्यास किंवा पटलं नाही तर ३० दिवसांत पहिलं अपील, आणि त्यानंतर ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरं. ‘ही तिसऱ्या व्यक्तीची खाजगी माहिती आहे’ असं उत्तर आलं तर घाबरू नका. कायद्याच्या कलम ८ च्या पोटकलम ३ प्रमाणे वीस वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती खाजगीपणाचं कारण देऊन रोखता येत नाही. अपिलात हे कलम नेमकं लिहा, आणि तुम्ही वारस आहात याचा पुरावा पुन्हा जोडा.

आणि एक उत्तर असं येतं की लोक तिथेच हार मानतात: ‘कागद नष्ट करण्यात आले आहेत.’ पेन्शन न मिळालेल्या जवानाचे सेवेचे कागद डिस्चार्जनंतर २५ वर्षांनी नियमाप्रमाणे नष्ट होतात. यात कुणाचा डाव नसतो. पण लाँग रोल नावाचं रजिस्टर ठेवलं जातं, त्यात नंबर, नाव, भरती, डिस्चार्ज अशी त्रोटक नोंद असते. म्हणून पहिल्याच अर्जात लिहा की सेवेचे कागद नसल्यास लाँग रोलमधल्या नोंदीची प्रत द्यावी. ही एक ओळ मी कुठल्याही अर्जातून गाळू देत नाही. ती नोंद, पलटणीच्या मोहिमांचा छापील इतिहास आणि घरातलं एखादं पत्र जोडून कुठली मेडलं बसतात याची मांडणी करता येते.

शौर्यपदकाचा शोध वेगळा. स्वातंत्र्यानंतरचं असेल तर संरक्षण मंत्रालयाच्या शौर्यपदकांच्या संकेतस्थळावर नाव आणि कामगिरीचं वर्णन मिळतं, मूळ अधिसूचना भारताच्या राजपत्रात असते. दुसऱ्या महायुद्धातलं असेल तर लंडन गॅझेट, म्हणजे ब्रिटिश सरकारचं राजपत्र, बघा, आणि लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात शिफारशींचे कागद नावाने शोधता येतात. शौर्यपदकाला मासिक भत्ता असतो आणि तो मागे राहिलेल्या पत्नीलाही मिळतो, म्हणून आजी हयात असतील तर इथे उशीर करू नका. मोहिमेच्या मेडलाला पैसे नसतात. ‘मेडल काढून देतो, थकबाकी मिळेल’ म्हणणारा कुणी दारात आला तर त्याला पैसेही देऊ नका आणि डिस्चार्ज बुकही.

भावकीत मेडलांवरून वाद होतात, त्याचं मला वाईट वाटतं. माझं मत विचाराल तर ज्या घरात आजी राहतात त्या घरात मेडलं, आणि बाकीच्या प्रत्येक घराला फोटो आणि पत्राची रंगीत प्रत. हे कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या, तीच प्रत ना हरकतीला उपयोगी पडते.

मेडल हातात आलं की पावतीवर सही करण्याआधी कड वाचा. नंबरात एक आकडा जरी चुकला असेल तर तिथल्या तिथे लेखी कळवा. लावायचं असेल तर वारसाने छातीच्या उजव्या बाजूला लावायचं, डावी बाजू ज्याने ते कमावलं त्याची. लाकडी चौकटीत बसवताना मेडल चिकटवू नका, फितीवर टाचा, म्हणजे कड पुन्हा बघता येईल. आणि चौकटीच्या मागे नंबर, रेजिमेंट, पलटण आणि रेकॉर्ड ऑफिसच्या पत्राचा जावक क्रमांक लिहून ठेवा.